पौडहून दिल्ली किती तासांवर?

दोन विमानतळांची नावं सांगितली की त्यांच्यातलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ हे दोन आकडे आता कुठल्याही फोनवर क्षणात मिळतात. पुणे–दिल्ली : सुमारे १,१५७ किलोमीटर, दोन तास दहा मिनिटं. आकडे खरेच असतात. पण त्यांच्या भरवशावर मुळशी तालुक्यातल्या माणसाने घरातून निघायची वेळ ठरवली तर तो विमान हमखास चुकवील. या प्रवासातला सगळ्यात खात्रीचा तुकडा आकाशातला आहे. अनिश्चितता आहे ती पौड ते पुण्याचा लोहगाव विमानतळ, हिंजवडी ते मुंबईचा सांताक्रूझ विमानतळ या जमिनीवरच्या तुकड्यात, आणि त्याचा आकडा कुणीच देत नाही. या लेखात दोन्ही बाजूंचा हिशोब मांडायचा आहे.

आधी अंतर. दोन विमानतळांमधलं म्हणून जे अंतर सांगितलं जातं ते पृथ्वीच्या गोल पाठीवरून मोजलेलं सर्वांत जवळचं अंतर असतं. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि गोलावरच्या त्रिकोणमितीने त्यांच्यातला कंस काढायचा. पृथ्वी गोल धरून असं गणित करणं आपल्याकडे जुनं आहे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘सिद्धांतशिरोमणी’त पृथ्वीचा परिघ ४,९६७ योजनं दिला. आजची गणितं पृथ्वी ध्रुवांजवळ थोडी चपटी आहे हेही धरतात, पण पुणे–दिल्लीसारख्या अंतरात त्याने फार तर काही किलोमीटरांचा फरक पडतो.

वैमानिक आणि नियंत्रक मात्र नाविक मैलात बोलतात. एक नाविक मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, अक्षांशाच्या एका मिनिटाएवढं अंतर. पुणे आणि दिल्ली यांच्या अक्षांशात जवळपास दहा अंशांचा फरक आहे, म्हणजे उत्तरेकडे जायचे झाले सहाशे नाविक मैल. पूर्वेकडची थोडी चाल त्यात मिळवली की सव्वासहाशेच्या आसपास येतात. कागद-पेन्सिलवर करता येईल इतकं हे सोपं आहे आणि शाळेतल्या मुलांकडून एकदा जरूर करून घ्यावं.

सपाट नकाशावर सरळ दिसणारी रेघ आणि गोलावरची जवळची वाट यांत किती फरक असतो, हे देशातल्या देशात फारसं जाणवत नाही. अमेरिकेला निघालं की जाणवतं. मुंबई–नेवार्क सुमारे १२,५५० किलोमीटर आहे. नेवार्क ४१ अंश उत्तर अक्षांशाच्याही खाली असलं, तरी तिकडची जवळची वाट मध्य आशिया आणि उत्तर युरोपावरून ६५ अंशांपर्यंत वर चढते आणि मग ग्रीनलंडच्या बाजूने खाली उतरते. मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या आईला समोरच्या पडद्यावर विमान बर्फाकडे चाललेलं दिसतं, तेव्हा वैमानिक वाट चुकलेला नसतो. जवळची वाटच तशी आहे.

आता वेळ. अंतर ठरलं की ताशी आठशे किलोमीटर वेग धरायचा आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवायचा, हा झटपट हिशोबाचा रूढ मार्ग आहे. त्याने पुणे–दिल्ली दोन तासांच्या जरा आत येतं. तिकिटावर दोन तास दहा ते वीस मिनिटं असतात. हा फरक येतो, कारण तिकिटावरचा वेळ हवेतला नसतो. विमानाच्या चाकांपुढचे अडथळे काढल्यापासून मुक्कामी पुन्हा लावेपर्यंतचा तो वेळ असतो. त्यात ढकलगाडीने मागे सरकणं येतं, धावपट्टीच्या तोंडाशी नंबर लागेपर्यंत थांबणं येतं, उतरल्यावर जागा मिळेपर्यंत रेंगाळणं येतं. शिवाय विमान कंपन्या वेळापत्रकात काही मिनिटं राखीव ठेवतात, म्हणजे पंधरा मिनिटं उशिरा सुटूनही वेळेवर पोचता येतं. ‘विमान वेळेआधी पोचले आहे’ ही घोषणा वरचेवर कानावर येते ती या राखीव मिनिटांमुळे. विमान वेळेवर सुटलं की नाही हे ठरवतानाही पंधरा मिनिटांची सूट धरलेली असते.

हवेतला वेळही सगळा वेगाचा नसतो. प्रवासी जेट पस्तीस हजार फुटांवरून खाली यायला लागतं ते मुक्कामापासून साधारण दोनशे किलोमीटर अलीकडे. हजार फूट उतरायला तीन नाविक मैल, असा वैमानिकांचा ठोकताळा आहे. चढायलाही असंच लांब अंतर लागतं. पुणे ते गोव्याचं मोपा हे अंतर ३१५ किलोमीटरच आहे, म्हणजे चढणं संपतं न संपतं तोच उतरणं सुरू होतं. जेटचा खरा वेग तिथे वापरायलाच मिळत नाही. म्हणूनच इतक्या छोट्या टप्प्यावर पंख्याचं एटीआर विमान फारसं मागे पडत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याहून सिंधुदुर्गाला, म्हणजे चिपीला, जी सेवा सुरू झाली ती एटीआरवरच. तिचं सरळ अंतर तीनशे किलोमीटरांच्याही आत आहे. एटीआरचा वेग ताशी पाचशे किलोमीटरांच्या आसपास असतो, पण जेटच्या तुलनेत तोटा होतो तो दहा-पंधरा मिनिटांचाच.

वाऱ्याचा हिशोब वेगळा. हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वरच्या थरातला वेगवान झोत असतो. नागपूर किंवा कोलकात्याकडे जाणाऱ्या विमानाला तो पाठीमागून ढकलतो आणि परतताना छातीवर येतो. पुणे–दिल्ली दक्षिणोत्तर असल्याने तिथे तो बाजूने लागतो, म्हणून जाण्या-येण्याच्या वेळेत फार तफावत पडत नाही. लांबच्या प्रवासात मात्र हाच वारा अंतराला हरवतो. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर होतं आणि सोळा तासांहून जास्त लागायचे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झालं आणि वेळ कमी होऊन साडेचौदा तासांवर आला. वाट चौदाशे किलोमीटर लांबली आणि वेळ वाचला, कारण वारा सगळी वाट पाठीशी होता. अंतरावरून वेळ काढता येतो असं ज्याला वाटतं त्याने हे एक उदाहरण लक्षात ठेवावं.

हवेला नसल्या तरी आकाशाला हद्दी असतात. २७ फेब्रुवारी २०१९ पासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानवरून जायची वाट बंद होती. एप्रिल २०२५ मध्ये ती भारतीय विमानांना पुन्हा बंद झाली. याचा फटका दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्यांना जास्त बसला. मुंबईहून युरोपला जाणारी विमानं अरबी समुद्रावरून आखाताकडे जाऊ शकतात, त्यामुळे त्यांचं नुकसान तुलनेने कमी झालं. मुळशीतल्या माणसाला याचा व्यवहारी अर्थ असा की लंडन-अमेरिकेसाठी दिल्लीमार्गे जाणारं तिकीट दिसायला स्वस्त असलं तरी तास मोजूनच घ्यावं.

आता लोहगावकडे वळू. पुण्याचा विमानतळ हा मुळात हवाई दलाचा तळ आहे, १९३९ सालचा. प्रवासी इमारत भारतीय विमानतळ प्राधिकरणाची असली तरी धावपट्टी आणि आकाशाचं नियंत्रण हवाई दलाकडे आहे. सुखोई विमानांच्या सरावाला प्राधान्य मिळतं, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे प्रवासी विमानांच्या वाट्याला येणाऱ्या वेळा मोजक्या राहतात. धावपट्टी एकच, लांबी २,५३५ मीटर. मुंबईची मुख्य धावपट्टी ३,४४८ मीटर आहे आणि नवी मुंबईची ३,७०० मीटर. त्यात पुणे समुद्रसपाटीपासून जवळपास १,९५० फुटांवर. एप्रिल-मेच्या उन्हात हवा विरळ होते, विमानाला उचलायला जास्त धाव लागते, आणि पूर्ण भरलेलं मोठं विमान इतक्या लांबीवरून लांबच्या प्रवासाला सोडता येत नाही. २००८ मध्ये लुफ्तान्साने फ्रँकफर्ट–पुणे सेवा सुरू केली ती बोइंग ७३७ सारख्या छोट्या विमानाने. पुण्याला अमेरिका-युरोपची थेट विमानं का नाहीत, असा प्रश्न दर निवडणुकीत निघतो. त्याच्या उत्तराचा मोठा भाग या धावपट्टीच्या लांबीत आहे.

धावपट्टी एकच असली की दुरुस्तीचा भारही सगळा प्रवाशांवर पडतो. ऑक्टोबर २०२० पासून नूतनीकरणासाठी रात्री आठ ते सकाळी आठ उड्डाणं बंद होती. पुढच्या वर्षी १६ ते २९ ऑक्टोबर असे चौदा दिवस विमानतळ पूर्णच बंद राहिला. हिंजवडीतल्या आयटीवाल्यांना त्या चौदा दिवसांत मुंबई गाठण्यावाचून पर्याय नव्हता. १४ जुलै २०२४ पासून नवी इमारत वापरात आली आणि आतली गर्दी पुष्कळ सुसह्य झाली. डिजियात्रेने दारावरची रांगही आटोपशीर होते. पण इमारत मोठी झाल्याने धावपट्टी लांब होत नाही.

मुंबईचं दुखणं उलट आहे. तिथे धावपट्टी लांब आहे, मोकळी नाही. दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने तिथल्या गर्दीच्या तासांतली उड्डाणं ४६ वरून ४४ वर आणायला लावली. विमानांना शहरावर चाळीस ते साठ मिनिटं घिरट्या घालाव्या लागत होत्या, असं कारण सरकारनेच दिलं होतं. पुणे–मुंबई हे हवाई अंतर १२४ किलोमीटर आहे. चाळीस मिनिटांच्या घिरट्यांत विमान त्याच्या दुपटीहून जास्त अंतर एकाच जागी फिरून काढतं.

याच पुणे–मुंबई जोडीत या प्रश्नाची सारी गोम आहे. सरळ अंतर १२४ किलोमीटर. रेल्वे मात्र १९२ किलोमीटर धावते, कारण तिला बोरघाटाची उतरण झेपेल अशी घ्यावी लागते आणि कल्याणला वळसा आहे. १९३० पासून धावणारी डेक्कन क्वीन ही वाट आता साधारण सव्वातीन तासांत काढते. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला आणि मोटारीचा वेळ तीन तासांवर आला. विमान हवेत जेमतेम अर्धा तास असतं, तिकिटावर तासाभराचं दिसतं, आणि घर ते घर चार-पाच तासांच्या आत होत नाही. ही सेवा वेगवेगळ्या कंपन्यांनी सुरू केली, बंद केली. मार्च २०२३ च्या अखेरीस एअर इंडियाने पुन्हा सुरू केली. मुंबईहून पुढे परदेशी विमान पकडणाऱ्यालाच तिचा अर्थ आहे, कारण त्याचं सामान पुण्यातच सुपूर्द होतं आणि घाटातल्या कोंडीची धास्ती राहत नाही. एरवी एवढ्या छोट्या अंतरावर विमान हे वेगाचं साधन राहतच नाही.

मुळशीत जी धावपट्टी आहे तीही हीच गोष्ट सांगते. तालुक्याच्या उत्तर टोकाला आंबवण्याजवळ सहारा समूहाने वसवलेल्या ॲम्बी व्हॅलीत एक खासगी धावपट्टी आहे. विमानतळांच्या याद्यांत तिचं नाव असतं, म्हणून कुठल्याही विमानतळापासून तिचं अंतर आणि वेळ हिशोबयंत्रं बिनदिक्कत सांगतात. मुंबईपासून सुमारे पंच्याहत्तर किलोमीटर, लोहगावपासून पन्नास-साठ. आठशेच्या वेगाने भागलं की मिनिटांत उत्तर येतं. पण तिथे कुणा सामान्य प्रवाशाला तिकीट काढून उतरता येत नाही. मोठं जेट तर नाहीच. २०१४ मध्ये जुहूहून पवना धरणाच्या जलाशयापर्यंत पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाची सेवा राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या सहभागाने सुरू झाली होती. लोणावळा–मुळशीच्या डोंगरांना मुंबई अर्ध्या तासावर येईल अशी आशा तेव्हा पुष्कळांना होती. ती सेवा टिकली नाही. जुहूपर्यंत पोचायला मुंबईकराला लागणारा वेळ, पावसाळ्याचे चार महिने आणि तिकिटाचा दर या तिन्हींपुढे वीस मिनिटांच्या उड्डाणाचं कौतुक कमी पडलं.

जमिनीवरचा तुकडा जरा जवळून पाहू. पौडहून लोहगाव नकाशावर सरळ रेषेत तेहेतीस किलोमीटर आहे, रस्त्याने पंचेचाळीसच्या घरात. सकाळी दहाचं दिल्लीचं विमान धरा. देशांतर्गत विमानाचा चेक-इन काउंटर सुटण्याच्या साठ मिनिटं आधी बंद होतो, म्हणजे नऊ. कंपन्या दोन तास आधी या म्हणतात, म्हणजे आठ. पौडहून साडेपाचला निघालं तर पिरंगुट, भुकूम, भूगाव करत चांदणी चौकापर्यंत रस्ता मोकळा मिळतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथला जुना पूल स्फोटाने पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवे पूल खुले झाले, तेव्हापासून चौकातला ताण बराच हलका झाला आहे. पुढे कोथरूड–डेक्कन–येरवडा धरायचं की बाणेर–औंध–खडकी–विश्रांतवाडी, हा कौल त्या दिवशीच्या रहदारीचा. साडेपाचला निघालेला माणूस सव्वातासात विमाननगरला असतो. सातला निघालेल्याला पिरंगुटच्या कारखान्यांच्या बसगाड्या, भूगावातली अरुंद वस्ती आणि शहरातली कार्यालयांची गर्दी या सगळ्यांतून जावं लागतं, त्याला दोन-सव्वादोन तास लागतात. निघायला दीड तास उशीर झाला की पोचायला अडीच तास उशीर होतो.

म्हणजे पौड ते दिल्लीतलं घर या प्रवासात साडेसहा-सात तास जातात, त्यातले हवेतले दोन तासांहून कमी. रेल्वेने वीस तासांच्या आसपास लागतात, तेव्हा विमान जिंकतंच. पण अडीच तास उशिराची भीती रस्त्याची असते, विमानाची नाही.

हिंजवडीची स्थिती आणखी बोलकी आहे. राजीव गांधी आयटी पार्क ज्या हिंजवडी-माण भागात आहे तो मुळशी तालुक्यातच येतो, आणि पुण्याच्या विमानाने सर्वाधिक फिरणारी माणसं तिथे काम करतात. लोहगाव सरळ रेषेत वीस किलोमीटरांच्या आत. तरी संध्याकाळी वाकडच्या भूमकर चौकातून बाहेर पडायलाच जो वेळ जातो, त्यात बंगळुरूचं विमान अर्ध्या वाटेवर गेलेलं असतं. ते ७२३ किलोमीटर दीड तासाच्या उड्डाणात काढतं. हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रो २३ किलोमीटरांची आहे, तिची तेवीस स्थानकं आहेत, पण ती विमानतळाला जात नाही. वनाझ–रामवाडी मार्गिका विमानतळापासून चार-पाच किलोमीटरवर संपते. जून २०२५ मध्ये केंद्राने मंजूर केलेली वाढ वनाझहून चांदणी चौकापर्यंत आणि रामवाडीहून वाघोलीकडे जाते. चांदणी चौकापर्यंत आली की भूगाव-पिरंगुटकरांना ती खरोखर उपयोगी पडेल. पण विमानतळाच्या दारात ती जाणार नाहीच. शेवटच्या चार किलोमीटरांसाठी रिक्षावाल्याशी घासाघीस शिल्लक राहते. तरीही आज मला विचाराल तर दिवसाच्या विमानासाठी पौड रस्त्यावरून वनाझ गाठून मेट्रोने रामवाडीला जाणं हा मुळशीकराचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. मोटारीपेक्षा तो कदाचित दहा मिनिटं जास्त घेईल, पण कालच्याएवढीच आजही घेईल. मेट्रो सकाळी सहाला सुरू होते, म्हणून पहाटेच्या विमानाला तिचा उपयोग नाही. सुदैवाने पहाटे रस्ता मोकळा असतो.

मुळशी म्हणजे एक गाव नव्हे, हेही इथे धरायला हवं. भूगाव आणि ताम्हिणी एकाच तालुक्यात आहेत, पण एक पुण्याच्या उंबऱ्यावर तर दुसरं कोकणच्या कड्यावर. ताम्हिणीकराला लोहगाव गाठायचं तर सगळा तालुका आणि सगळं पुणे आडवं ओलांडावं लागतं. त्याला घाट उतरून माणगावहून पनवेलकडे जाणं सोयीचं पडू शकतं. पावसाळ्यात दरडी आणि धुकं नसेल तर. आंबवण्याकडच्या माणसाला लोणावळा जवळ आणि तिथून द्रुतगती मार्ग.

म्हणून नवी मुंबईचा विमानतळ मुळशीसाठी मोठी घटना आहे, आणि त्याची चर्चा आपल्याकडे पुरेशी झालेली नाही. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून देशांतर्गत विमानं सुटू लागली. उलवे–पनवेलच्या बाजूला असल्याने द्रुतगती मार्गाने कळंबोलीला उतरलेला माणूस तिथे लगेच पोचतो. वाशीची खाडी, चेंबूर, सांताक्रूझ हा सगळा जाच वाचतो. हिंजवडीहून सांताक्रूझ रस्त्याने १३५-१४० किलोमीटर असेल तर हा विमानतळ शंभर-एकशेदहावर येतो, आणि वाचलेले तीस किलोमीटर मुंबईच्या कोंडीतले असल्याने त्यांचं मोल तास-दीड तासाचं आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणं तिथून जसजशी वाढतील तसतसा हिंजवडीकराचा अमेरिकेचा प्रवास घराच्या दारापासून मोजला तर खरोखर आखूड होईल. मधला अडसर घाटाचा. जुलै २०१५ मध्ये आडोशीजवळ दरड कोसळून मार्ग ठप्प झाला होता, ते कुणी विसरलेलं नाही. खोपोली–कुसगाव हा तेरा किलोमीटरांचा बोगदे-पुलांचा पर्यायी रस्ता आखला तो घाटाची वाट सहा किलोमीटरांनी आणि अर्ध्या तासाने कमी करण्यासाठी. पण मुळशीकराला त्यातल्या अर्ध्या तासापेक्षा दरडप्रवण वळण टळण्याचा फायदा जास्त आहे.

पुरंदरच्या प्रस्तावित विमानतळाबद्दल मात्र वेगळं बोलावं लागेल. पुण्याचा नवा विमानतळ म्हणून त्याची मांडणी होते, तेव्हा ‘पुणे’ या शब्दात मुळशी धरलेली नसते. पारगाव, खानवडी, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी ही त्यासाठी निवडलेली सात गावं शहराच्या आग्नेयेला आहेत. पौडहून ती सरळ रेषेत पन्नास किलोमीटरांच्या आसपास पडतात, हिंजवडीहून चाळीसच्या वर. म्हणजे दोन्हीकडून लोहगावपेक्षा लांब. धावपट्टी लांब मिळेल, थेट परदेशी विमानं येतील, हे खरं. उर्सेपासून मुळशी-हवेलीतून भोरच्या वरवेपर्यंत जाणाऱ्या वर्तुळाकार मार्गाचा पश्चिम भाग वेळ थोडा कमी करील, हेही खरं. तरी मुळशीच्या पश्चिमेकडच्या गावांना नवी मुंबई जवळ राहणार आणि पूर्वेकडच्यांना लोहगाव; पुरंदर दोघांनाही दूर.

शिवाय या सात गावांतल्या शेतकऱ्यांचा जमिनी द्यायला विरोध आहे, आणि तो विरोध मुळशीच्या माणसाला तरी समजायला हवा. टाटांच्या धरणासाठी या तालुक्यातली गावं पाण्याखाली गेली, त्याविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापटांनी त्याचं नेतृत्व केलं. वीज मुंबईला गेली आणि माणसं डोंगरावर चढली. कुणाचा तरी तास वाचवण्यासाठी कुणाची तरी जमीन जाते, तेव्हा तो तास नेमका कुणाचा वाचतो आणि किती वाचतो, हे आधी मोजून सांगणं हे सरकारचं किमान कर्तव्य आहे.

कुठे विमान धरावं आणि कुठे सोडावं याबद्दल माझं मत असं. मुंबईला विमान नको. गोव्याला आणि सिंधुदुर्गाला निघायचं तर गाव कुठल्या बाजूला आहे यावर ठरवा. ताम्हिणीकडच्या माणसाने माणगावहून महामार्ग धरला तर दिवसभरात तो स्वतःच्या गाडीने पोचतो, हिंजवडीकराला विमानाने चार-पाच तास वाचतात. नागपूरला विमानाला तोड नाही. सरळ अंतर ६०५ किलोमीटर आहे, पण ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या पुणे–अजनी वंदे भारतला ८८१ किलोमीटर फिरून बारा तास लागतात. विमानाने घर ते घर सहा तास. बंगळुरू आणि दिल्लीला तर प्रश्नच नाही.

या सगळ्या आढाव्यात जो एक आकडा कुठेच सापडत नाही तो म्हणजे मुळशीतल्या गावागावांपासून लोहगाव, सांताक्रूझ आणि नवी मुंबई या तिन्ही विमानतळांपर्यंत लागणारा रस्त्यावरचा वेळ. सरासरी नव्हे, वर्षातल्या वाईट दिवसाचा, पावसातल्या शुक्रवार संध्याकाळचा. तो मोजणं अवघड नाही. वाहनांच्या हालचालीची माहिती आज पोलिसांकडे, टोलनाक्यांकडे आणि टॅक्सी कंपन्यांकडे पडून आहे. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने आणि विमानतळ प्राधिकरणाने पौड, पिरंगुट, हिंजवडी, माण आणि लवळे एवढ्या पाच ठिकाणांपासूनचा हा वेळ दर तिमाहीला जाहीर करावा, आणि पुढच्या कुठल्याही विमानतळाच्या किंवा मेट्रोच्या प्रस्तावाबरोबर तोच तक्ता जोडावा. मुळशीच्या ग्रामपंचायतींनी या मागणीचा ठराव येत्या ग्रामसभेत मांडावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.